कडू लागलं तर सांगा

आमच्याकडे पाहुणा जेवायला बसला आणि आमटी खारट झाली, तर तो पाण्याचे तांबे रिचवील, पण मीठ जास्त झालंय असं म्हणायचा नाही. उलट विचारलं तर म्हणेल, "फस्क्लास झालीय, वाढा आजूक." मी चौसाळ्याची, याच रीतीत वाढले. सासरी आल्यावर सासूबाईंच्या हातच्या करपलेल्या पिठल्याचंही मी तोंडभरून कौतुक केलेलं आहे, आणि वर मागून घेतलेलं आहे. चांगली रीत आहे. घरं टिकतात तिच्यावर. पण हीच रीत माणसाच्या छातीत रोग घालू शकते, हे मला नोकरीत कळलं.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. दवाखाना धारूरच्या बाजूला, घाट लागायच्या अलीकडे. आमच्या व्हरांड्याच्या टोकाला टीबीचा वॉर्ड आहे. तिथले काही पेशंट असे असतात, की त्यांचा टीबी नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. असा माणूस खोकला की जंतू हवेत तरंगत राहतात, आणि ती हवा आत घेणारे आम्हीच. म्हणून तिथं एन-९५ मास्क घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. कोरोनाच्या साथीनंतर मास्क काय ते सगळ्यांना कळलं, आणि तिथंच घोटाळा झाला. जो तो स्वतःला मास्कातला जाणकार समजायला लागला. कुणी नाक बाहेर काढून, कुणी एक पट्टा हनुवटीखाली लोंबत ठेवून, आणि मी बोलले की, "घातलाय की, सिस्टर!"

मास्क कितीही भारी असू द्या, गालापाशी नाहीतर नाकापाशी फट राहिली की हवा कापडातून गाळून न येता सरळ फटीतून येते. ती फट डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायची एक तपासणी असते, फिट टेस्ट. डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारं एक पांढरं टोपडं असतं, समोर पारदर्शक खिडकी आणि खिडकीखाली भोक. आतल्या माणसानं मास्क घालून तोंड थोडं उघडं ठेवायचं. आपण रबरी फुगा दाबून भोकातून कडू औषधाचा बारीक फवारा आत सोडायचा. मास्क नीट बसला असेल तर माणसाला काही लागत नाही. फट असेल तर जिभेवर कडू येतं, आणि त्यानं तसं सांगायचं. सगळी तपासणी त्या सांगण्यावर उभी. आतला माणूस खरं बोलला तर खरं, नाहीतर सगळा खेळ वाया.

ही तपासणी शिकायला मला संभाजीनगरला पाठवलं होतं. आमच्या दवाखान्यातून मला एकटीला, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. परत येताना सामानाचा खोका एसटीत वरच्या फळीवर ठेवायला माझा जीव होईना, म्हणून मांडीवर घेऊन बसले. वडवणीला शेजारी एक बाई येऊन बसल्या. खोक्याकडे बघत म्हणाल्या, "मिठाई हाय का?"

मी म्हटलं, "न्हाई मावशी, कडू हाय."

त्या थोड्या सरकून बसल्या.

तपासणीच्या सकाळी आमच्या अधीक्षक साहेबांनी सगळ्यांना ओपीडीत बोलावून नियम सांगितला. ज्याला कुठलाच मास्क नीट बसणार नाही, त्याला टीबीच्या वॉर्डात ड्युटी नाही. त्याला कपड्यांच्या खोलीत नाहीतर दुसरीकडं काम मिळेल, पगाराला धक्का नाही. नियम सरळ होता आणि बरोबर होता. साहेब बोलत असताना मी पेपर सोडवून आलेल्या हुशार मुलीसारखी मान डोलवत होते.

पहिला नंबर ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा. घरचा बागायतदार, चुलता पुढारी, आणि स्वतः तंबाखूवर प्रेम करणारा. त्याला आधी चुळा भरायला लावल्या. मास्क घालण्याआधी एक छोटी चाचणी करायची असते. टोपड्यात मास्कशिवाय बसवून थोडा फवारा सोडायचा, म्हणजे या माणसाच्या जिभेला कडू कळतं की नाही ते समजतं. मी फुगा दाबला. खिडकीतून मला त्याचा चेहरा दिसत होता. भुवया एकत्र आल्या, नाक आक्रसलं, डोळ्यांत पाणी आलं.

"काय लागतंय?" मी विचारलं.

"काई न्हाई, सिस्टर. एकदम मस्त."

मला वाटलं, तंबाखूनं जीभ गेली याची. पुन्हा फुगा दाबला. आता तो घोट गिळायला लागला. "काई लागायलंय का?"

"न्हाई न्हाई. चालू द्या तुमी."

त्याच्यानंतर बसलेल्या वॉर्डबॉयचं तेच. त्याच्यानंतरच्या बाळंतपणाच्या वॉर्डातल्या मावशींचं तेच, त्यांना तर ठसका लागला, आणि ठसक्यातूनच त्या म्हणाल्या, "बरं हाय, बरं हाय." माझं डोकं फिरलं. मास्क नसताना ज्यांना कडू लागत नाही ते मास्क घातल्यावर काय डोंबल सांगणार! मी ड्रायव्हरला पुन्हा बोलावून समोर उभं केलं आणि विचारलं, खरं सांग, कडू लागलं की नाही?

तो खाली बघून म्हणाला, "लागलं की. इखावानी लागलं. पण तुमी एवढं संभाजीनगरला जाऊन शिकून आलाव, एवढं आनलं, मांडलं. तुमच्या कामाला कावून नावं ठेवायची?"

मला हसावं की रडावं कळेना. आख्खा दवाखाना माझा पाहुणा होऊन बसला होता, आणि मी वाढलेलं कडू औषध गोड मानून घेत होता. वर त्यांना वाटत होतं, ही सहनशक्तीची परीक्षा आहे, जो तोंड वाकडं करणार नाही तो पास.

मी स्टुलावर उभी राहिले. माझी उंची कमी आहे, पण आवाज कमी नाही. म्हटलं, "ऐका. आज कुणी पाहुणं न्हाई आन मी यजमान न्हाई. आज मला नावं ठेवायची. लग्नाहून घरी आल्यावर जेवणाला ठेवताव ना, तशी. कडू लागलं की वरडायचं. जो गुमान गिळील त्याला मी पुन्हा चुळा भरायला लावीन."

मग मात्र रंग भरला. लोकांना नावं ठेवायची परवानगी मिळाली की ते हात आखडता घेत नाहीत. कुणी म्हणे गाढविणीचं दूधही यापेक्षा गोड लागेल, कुणी म्हणे हे औषध आपल्या सासऱ्याला पाठवायला पाहिजे. मास्क घातल्यावर मान डावी-उजवी करायची, वर-खाली बघायचं, वाकायचं आणि थोडं बोलायचंही असतं, कारण बोलताना जबडा हलतो आणि फट तिथंच पडते. काय बोलायचं ते मी ज्याच्या त्याच्यावर सोडलं. ड्रायव्हर आपल्या वाटेवरची गावं म्हणायचा, वडवणी, तेलगाव, धारूर, आणि तेलगावाला पोचला की ओरडायचा, "कडू!" मग पट्टे आवळायचे, नाकावरची पट्टी दाबायची, पुन्हा वडवणीपासून सुरू. लॅबमधल्या टेक्निशियनला दाढीमुळं कुठलाच मास्क बसेना. तो जेवणाच्या सुट्टीत जाऊन गुळगुळीत होऊन आला. त्याला बघून ड्रायव्हर म्हणाला, "तू हाईस का तुजा धाकला भाऊ हाय बे?" दाढी गेली आणि मास्क बसला. मला इतका आनंद झाला, की मी त्याला माझ्या डब्यातला लाडू दिला.

शेवटी टीबीच्या वॉर्डातल्या मावशी आल्या.

या मावशींबद्दल सांगायला पाहिजे. त्या मेंढपाळाच्या घरातल्या. लहानपण बालाघाटाच्या डोंगरांत मेंढरांमागं गेलं, आणि अजूनही चालताना त्यांची नजर दूरवर असते, जसं काही एखादं कोकरू मागं राहिलंय. वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या, अंगानं काटकुळ्या, मागचे दात गेल्यामुळं गाल आत बसलेले. दवाखान्यात मावशी पुष्कळ आहेत. पण टीबीच्या वॉर्डात पेशंट दिवसेंदिवस राहतात, काहींच्या घरचे हळूहळू यायचे बंद होतात, आणि मग त्या वॉर्डाचं जे काही घरपण असतं ते या मावशींमुळं. कोपऱ्यातल्या खाटेवर तेव्हा ऊसतोडीवरून खोकत परत आलेला एक गडी होता. गोळ्या बघितल्या की त्याला उलटी यायची. मी समजावून दमले, साहेब रागावून दमले. मावशी समोर उभ्या राहून फक्त म्हणायच्या, "गीळ." आणि तो गिळायचा.

मावशींनी मास्क घातला, टोपड्यात बसल्या. मास्कशिवायच्या चाचणीत "हाय जरासं कडू" असं त्यांनी कबूल केलं होतं, त्यामुळं मी निर्धास्त होते. मी फुगा दाबला.

"काई न्हाई," मावशी म्हणाल्या.

मान हलवली, वाकल्या, बोलल्या. "काई न्हाई." पण मी खिडकीतून बघत होते. मावशींचा गळा हलत होता. त्या घोट गिळत होत्या, एकामागून एक. आणि पापण्या अशा मिटत होत्या, जशा चुलीचा धूर डोळ्यांत गेल्यावर मिटतात.

"मावशी, खरं?"

"खरंच न्हाई, सिस्टरबाई. लिवा पास."

आता यात सभ्यता नव्हती, हे मला कळलं. बाकीचे माझं मन राखायला खोटं बोलले होते. मावशी वॉर्ड राखायला खोटं बोलत होत्या. कडू म्हटलं की त्यांना तिथून काढणार, हे साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं. आणि मी पास म्हटलं, तर उद्यापासून त्या रोज ती हवा फटीतून आत घेणार, त्या खोकणाऱ्या गड्याच्या तोंडाशी उभं राहून. मी नापास म्हणायला माझ्याकडं पुरावा काय? त्यांचा गळा हलला, एवढाच.

मी आधी रागावले. माझा तो स्वभावच आहे. म्हटलं, "मावशी, खोटं बोलून जिवाशी खेळायलाव तुमी."

त्या म्हणाल्या, "मला वॉर्डातनं हलवू नका. कपड्याच्या खोलीत जाऊन मी काय करू? चादरीला कोन गीळ म्हनतंय?"

माझा राग उतरला. मग मला एक सुचलं, आणि ते सुचल्याबद्दल मी आजही स्वतःची पाठ थोपटते. मी एक मास्क मुद्दाम ढिला लावला. टोपडं माझ्या डोक्यावर घातलं, फुगा मावशींच्या हातात दिला आणि म्हटलं, दाबा. त्यांनी भीत भीत दाबला. मी म्हटलं, "जोरात!" त्यांनी जोरात दाबला, आणि माझ्या जिभेवर असं कडू आलं, की आठवून अजून शहारे येतात. मी टोपडं-मास्क ओढून काढलं, खोकले, थुंकले, आणि चौसाळ्याच्या आठवडी बाजारात ऐकलेल्या दोन-चार शिव्या मोकळेपणानं दिल्या.

मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "तुमाला बी लागलं व्हय?"

"लागलं की. मग आता मला नोकरीवरून काढायचं का? नापास मास्क झाला मावशी, मी न्हाई. आता मास्क बदलू, पट्टा बदलू, बसंस्तवर बघू. पर तुमी सांगितलंच न्हाई, तर मी काय बदलू?"

मावशींनी फुगा माझ्या हातात ठेवला, मास्क सारखा केला. मग टोपड्यात जाऊन बसल्या. मी फवारा सोडला. पुन्हा सोडला. मग आतून आवाज आला, इतका बारीक, की मला कान खिडकीला लावावा लागला.

"कडू हाय, बाई."

मला भरून आलं. एवढी नोकरी झाली, कुणी चांगलं म्हटल्यावर इतका आनंद झाला नव्हता.

मग आम्ही फट शोधायला लागलो. मी मागं जाऊन बघितलं, आणि मुद्दा तिथंच होता. मावशी मोठ्या माणसांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. मास्कचे दोन्ही पट्टे त्यांनी पदरावरूनच बांधले होते. मान हलली की पदर सरकायचा, पदराबरोबर पट्टा सरकायचा, आणि मास्क गालावरून सुटायचा. पट्टे केसांवर पाहिजेत, एक डोक्याच्या वरच्या भागावर, एक मानेवर अंबाड्याखाली, आणि मग वरून पदर. सांगायला सोपं. पण अधीक्षक साहेब दारात उभे होते, आणि मावशींचा हात पदराकडं जाईना.

मी म्हटलं, "साहेब, जरा बाहेर जाता का?"

सगळ्यांसमोर असं साहेबांना बाहेर काढणं मला शोभलं की नाही, माहीत नाही. पण साहेब एका शब्दानं न विचारता गेले, आणि जाताना दार ओढून घेतलं. आमच्या दवाखान्याबद्दल मला ज्या गोष्टींचा अभिमान वाटतो, त्यात ते ओढलेलं दार आहे.

पट्टे केसांवर घेतले. पुन्हा फवारा. या वेळी वाट बघावी लागली नाही. "आजूक कडू हाय," मावशी आतून म्हणाल्या. "हितं नाकापशी यायलंय." त्यांना आता गोडी लागली होती. मी नाकावरची पट्टी दाबली. "तरी बी यायलंय." मग मी वाटीच्या आकाराचा तो मास्क ठेवून दिला आणि घडीचा, लहान मापाचा काढला. बसलेल्या गालांवर तो कसा टेकतो ते बोट फिरवून बघितलं. मावशी आत बसल्या, मान हलवली, वाकल्या. बोलायची वेळ आली तेव्हा त्या आपल्या माहेरच्या मेंढरांची नावं घ्यायला लागल्या, काळी, बांडी, लंगडी, आणि कितीतरी. मी फुगा दाबत राहिले. नावं संपली.

"मावशी?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आता काईच न्हाई."

त्या "न्हाई"वर मी डोळे झाकून विश्वास ठेवला. ज्या बाईनं मला समोरासमोर कडू म्हटलं, तिचं नाही मला सोन्यासारखं होतं. मी दार उघडून साहेबांना सांगितलं, मावशी त्यांच्याच वॉर्डात राहतील. आणि संध्याकाळच्या गोळ्यांच्या वेळी मी मुद्दाम काचेतून डोकावले. पदर डोक्यावर, पट्टे पदराखाली, मास्क जागच्या जागी, आणि मावशी कोपऱ्यातल्या खाटेसमोर उभ्या होत्या.

ही गोष्ट इथं संपली असती तरी मी समाधानी होते. पण काही महिन्यांनी मास्कचे नवे खोके आले. बाहेरून दिसायला झकपक, आत पट्टे कानाला अडकवायचे आणि पातळ. भांडारातून ते सगळ्या वॉर्डांत वाटले गेले. मला अजून काही कळायचं होतं, तेवढ्यात शिपाई धावत आला, साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलंय, सामान घेऊन या.

केबिनमध्ये साहेबांसमोर गावातले दोन पुढारी चहा पीत बसले होते, त्यातला एक आमच्या ड्रायव्हरचा चुलता. आणि टेबलापाशी मावशी उभ्या होत्या. एरवी त्या या केबिनच्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत, बाहेरूनच बोलतात.

"साहेब, ह्यो मास्क बसत न्हाई," त्या म्हणत होत्या. "सिस्टरबाईला म्हना, घाला मला टोपडं."

त्यांनी भिंतीकडं तोंड करून नवा मास्क लावला, पदर सारखा केला आणि खुर्चीवर बसल्या. साहेबांच्या समोर खुर्चीवर बसलेल्या मावशी मी पहिल्यांदा बघत होते. मी त्यांना टोपडं घातलं. फुगा जेमतेम दाबला असेल.

"कडू!" मावशी एवढ्या जोरात ओरडल्या, की चुलत्यांच्या बशीत चहा सांडला. "कडू हाय! पयल्या दमालाच कडू हाय!" त्यांनी टोपडं काढलं, मास्क काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. "ह्ये आमाला नको, साहेब. वापस करा. जुने हायेत तवर जुने वापरू, पर ह्ये न्हाई. माजा बी जीवच हाय की."

साहेबांनी तो मास्क उचलला, पट्टा ओढून बघितला आणि शिपायाला सांगितलं, सगळ्या वॉर्डांतून हे खोके परत गोळा कर, आजच्या आज. मग ते माझ्याकडं वळले.

"सिस्टर, ह्यांना नावं ठेवायला कुणी शिकवलं?"

"मी," मी म्हटलं. "मी शिकवलं, साहेब." आणि माझा आवाज जरा मोठाच निघाला.